मॅडम प्रेमळ नव्हत्या

आमच्या मॅडमना कुणी 'प्रेमळ' म्हणालं की माझं डोकं फिरतं. 'अगदी आईसारख्या होत्या हो' असंही म्हणतात. असं म्हणणाऱ्यांनी बहुतेक त्यांना फक्त कॉलेजच्या वेबसाइटवर पाहिलेलं असतं. तिथं एक फोटो आहे. प्रमुख पाहुणे मॅडमपुढे शाल धरून उभे, खाली लिहिलंय 'आदर्श मेंटॉर'. फोटो काढून झाल्यावर तिथं काय घडलं, ते वेबसाइटवर नाही. ते मी सांगणार आहे. पण आधी मॅडम कशा होत्या ते सांगायला हवं, नाहीतर तुम्हीही त्यांना प्रेमळ म्हणून मोकळे व्हाल.

शिरूर तालुक्यातल्या एका कॉलेजात मी बीएस्सीला होते. विषय संख्याशास्त्र. तो विषय घेणारी पोरं थोडी आणि शिकवणारे दोघंच. कॉलेजात मेंटॉर योजना होती. प्रत्येक शिक्षकाला काही विद्यार्थी वाटून दिलेले. त्यांची अभ्यासाची, घरची, मनाची काय अडचण असेल ती त्या शिक्षकानं बघायची. बहुतेक ठिकाणी ही योजना उभ्याउभ्या उरकायची. "काही प्रॉब्लेम?" "नाही सर." "कर सही." मी मॅडमच्या वाट्याला आले, तेव्हा वरच्या वर्गातली एक मुलगी माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाली, "गेलीस तू."

मॅडम बुटक्या होत्या. सुती साडी आणि खाली पोरं घालतात तसले स्पोर्ट शूज. शूज कशाला, तर मॅडम मेंटॉरची भेट बसून घेत नसत. ग्राउंडला फेऱ्या मारायच्या आणि बोलायचं. "बसलं की माणूस गाऱ्हाणं सांगतो, चालायला लागला की खरं सांगतो," असं त्यांचं म्हणणं. पहिल्या भेटीत मी सांगितलं, मला काही अडचण नाही. त्या थांबल्या सुद्धा नाहीत. "अडचण न्हाई असा माणूस अजून जन्माला यायचाय. चला, आणखी एक फेरी."

शिकवताना त्यांचं मराठी पुस्तकासारखं. राग आला की मात्र 'न्हाई' आणि 'व्हय' सुरू व्हायचं, आणि राग त्यांना रोज यायचा. पण शिव्या द्यायच्या त्याही मान देऊन. "गाढव आहात तुम्ही, दोरगे." "तुमच्या डोक्यात भुसा भरलाय का हो?" शिपायापासून प्राचार्यांपर्यंत सगळ्यांना 'तुम्ही', आणि आम्हालाही. एकदा एका पोरानं विचारलं, मॅडम, तुम्ही आम्हाला अरे-तुरे का करत नाही? "मत देता ना तुम्ही? सरकार तुम्हाला विचारून बनतंय, आन् मी अरे-तुरे करू?"

मॅडमचं घराणं शिरूरचंच, पिढ्यान् पिढ्याचं. वडील आठवडे बाजारांत कापड विकायचे. मॅडम रोजे धरायच्या, आणि रमजानचा महिनाभर कुणाला एक वाईट शब्द बोलायच्या नाहीत. नुसत्या बघायच्या. त्या महिन्यात आमची जी तंतरायची, ती बाकीच्या अकरा महिन्यांत कधी तंतरली नाही. ईदच्या दुसऱ्या दिवशी वर्गात येऊन त्यांनी पहिल्या बाकावरच्या पोराला "तुम्ही अतिशय मूर्ख आहात" म्हटलं की सगळा वर्ग सुटकेचा श्वास सोडायचा.

दुसरे मेंटॉर काही झालं की पहिला फोन बापाला लावायचे. मुलगी दोन दिवस दिसली नाही, लाव बापाला फोन. मॅडमनी कधी कुणाच्या घरी फोन केला नाही. "मी तुमची मेंटॉर आहे, तुमच्या वडलांची न्हाई." कॉलेजला ते आवडायचं नाही. पालकसभेला पालक जमवून फोटो काढायचे असतात ना.

आता माझं सांगते. मी वडगाव रासाईची. नदीकाठचं गाव, चहूकडे ऊस आणि उसात बिबट्या. दुसऱ्या वर्षाला असताना संस्थेनं आमच्याकडे येणारी संध्याकाळची कॉलेज बस अर्ध्या रस्त्यातूनच माघारी फिरवायला सुरुवात केली. फाट्यावर उतरायचं आणि पुढं अंधारात उसातून जायचं. आमच्या आबांनी, म्हणजे आजोबांनी, एका आठवड्यात निकाल दिला. "बास झालं कॉलेज. जिवापेक्षा शिक्षण मोठं न्हाई." मी ग्राउंडवर मॅडमना हे सांगितलं. मला वाटलं, आता त्या आबांना समजवायला येतील, नाहीतर ऑफिसात जाऊन भांडतील तरी.

"बस कोण बघतं?" त्यांनी विचारलं.

"ऑफिसातले भाऊसाहेब."

"मग त्यांना जाऊन सांगा."

"मॅडम, तुम्ही बोलला असता तर..."

"मी का बोलू? बिबट्या मला खाणार हाय का? मी येते. पण बोलणार न्हाई. नुसती उभी राहीन."

आणि खरंच आल्या. ऑफिसच्या दारात हाताची घडी घालून उभ्या राहिल्या. मी चाचरत बोलले. भाऊसाहेब हसले, म्हणाले, "अगं, बिबट्या शिकलेल्या पोरींना खात नाही." मी मागं वळून मॅडमकडे बघितलं. त्या भिंतीवरचं कॅलेंडर वाचत होत्या. त्या क्षणी मला त्यांचा इतका संताप आला, इतका संताप आला की तो सगळा मी भाऊसाहेबांवर काढला. आयुष्यात पहिल्यांदा मोठ्या माणसासमोर मी ओरडले. बाहेर आल्यावर मॅडम एवढंच म्हणाल्या, "आवाज बरा हाय. उद्या आणखी पोरी घेऊन या." मी गावोगावच्या पोरी गोळा केल्या. बस पुन्हा गावापर्यंत यायला लागली. मॅडम रोज दारात उभ्या असायच्या, पण शेवटपर्यंत त्यांनी तोंड उघडलं नाही.

ह्याला प्रेमळ म्हणतात का? मला नाही वाटत. मला त्यात काहीतरी जास्त मोठं वाटतं.

आता ओंकार दोरगे. हा भांडगावचा. घरी शेवंती आणि झेंडूची शेती. गुरुपौर्णिमेला त्यानं मॅडमना टोपलीभर शेवंती आणून दिली, तर मॅडम म्हणाल्या, "बाजारात पाठवायची सोडून इकडं आणली? आईला विचारलं का?" ओंकारनं मान खाली घातली. विचारलं नव्हतं. फुलं परत गेली. असा हा पोरगा, भोळा, शांत, आकडेमोडीत आमच्या सगळ्यांच्या पुढं. रोज भांडगावहून येणं परवडत नव्हतं, म्हणून कारेगावात कामगारांच्या खोल्यांमध्ये एक खोली भाड्यानं घेऊन राहायचा.

तिसऱ्या वर्षी आम्हाला ओजेटी आली. ऑन जॉब ट्रेनिंग. नव्या अभ्यासक्रमात प्रत्यक्ष कामाचे मार्क असतात. कॉलेजनं रांजणगावच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्याशी करार केला. पत्र्याचे सुटे भाग बनवणारा कारखाना. मधला माणूस होता लेबर कॉन्ट्रॅक्टर, आणि तो संस्थेतल्या एका मोठ्या माणसाचा पाहुणा. आम्हाला सांगितलं, तुम्ही संख्याशास्त्राचे, तुम्ही क्वालिटी डिपार्टमेंटला बसून मापं घेणार, त्यांचे आलेख काढणार. आम्ही हरखून गेलो. मॅडम शिक्षकांच्या सभेत म्हणाल्या, मुलं नक्की कुठं बसणार ते मी आधी बघून येते. प्राचार्य म्हणाले, करार झालाय मॅडम, आता शंका नकोत. तरी त्या गेल्या. त्यांना चहा पाजला, एसीतलं क्वालिटी डिपार्टमेंट दाखवलं, भिंतीवरचा रंगीत आलेख दाखवला. आम्हाला त्या म्हणाल्या, "मशिनवर कुणी बसायचं न्हाई. सांगून ठेवते."

पहिल्या दिवशी आम्ही क्वालिटीत बसलो. दुसऱ्या दिवशी मुलींना पॅकिंगला पाठवलं आणि मुलांना माल उचलायला. खोक्याला पट्टी मारायची, खोकं बाजूला ठेवायचं, पुढचं घ्यायचं. हेच आमचं संख्याशास्त्र. कुरकूर केली की सुपरवायझर म्हणायचा, "मार्क पाहिजेत ना? मार्क माझ्या हातात आहेत." पगार नाही, विमा नाही, फुकटातली माणसं. कारखान्याला आम्ही बरे आणि कॉन्ट्रॅक्टरला तर फारच बरे.

एका सकाळी प्रेसवरचा कामगार आला नाही. प्रेस म्हणजे पत्रा दाबून आकार देणारं मशिन; वरून दट्ट्या खाली येतो, मध्ये हात आला तर सेन्सर तो थांबवतो. सुपरवायझरनं ओंकारला बोलावलं. शेजारच्या प्रेसवर एक बिहारचा माणूस होता, तो ओरडला, "साहब, बच्चे को मत बिठाओ, इसका सेन्सर बंद है." सुपरवायझर म्हणाला, "तू अपना काम देख." आणि ओंकारला म्हणाला, "बस जरा. डोकं हुशार आहे ना तुझं? मग हात पण चालव."

मी पलीकडेच पॅकिंगला होते. मशिनचा आवाज थांबला, तेव्हाच कळलं काहीतरी झालंय. उजव्या हाताची दोन बोटं गेली. अंगठ्याशेजारचं आणि मधलं. म्हणजे पेन धरायची. ओंकार ओरडला नाही. हाताकडे बघत म्हणाला, "मॅडमनी सांगितलं होतं."

शिरूरच्या दवाखान्यात मॅडम त्याच्या आईबापाच्या आधी पोचल्या. खाटेजवळ उभ्या राहून त्यांनी विचारलं, "दोरगे, घरी तुम्ही सांगता की मी सांगू?" त्या अवस्थेत सुद्धा विचारलं. तो म्हणाला, "तुम्ही सांगा." मॅडमनी एखाद्या विद्यार्थ्याच्या घरी केलेला तो पहिला फोन. फोन करून त्या जिन्यात गेल्या. मी मागून गेले, तर भिंतीला डोकं टेकून उभ्या होत्या. "रंगीत आलेख दाखवला मला," त्या म्हणाल्या. "आन् मी बघून आले."

दुसऱ्या दिवशी पाळी सुरू व्हायच्या वेळेला मॅडम कारखान्याच्या गेटवर. वॉचमन आत सोडेना. मॅडमनी गेटबाहेरून आमची आडनावं घ्यायला सुरुवात केली, वर्गात हजेरी घेतात तशी, खणखणीत. एकेक जण हातातलं काम टाकून बाहेर आला. सुपरवायझर आमच्यामागं मार्कांचं बोलत पळत आला. मॅडम आम्हाला म्हणाल्या, "मार्क मी देते. तुम्ही फक्त तुमची बोटं मोजा." मग आमची ओजेटी बाजार समितीत झाली. कांद्याच्या ढिगातले नमुने काढून त्यांची वजनं करत आम्ही उन्हात बसलो, आणि तिथं खरोखर संख्याशास्त्र शिकलो.

पुढं झालेल्या गोष्टीनं मात्र माझं अजून रक्त तापतं.

प्राचार्यांनी बैठक घेतली. केबिनमध्ये प्राचार्य, कॉन्ट्रॅक्टर, ओंकार, त्याचे वडील, मॅडम आणि मी. मला मॅडमनी नेलं होतं, कारण अपघात झाला तेव्हा मी तिथं हजर होते. प्राचार्यांचा आवाज साखरेचा. सगळ्यांना बेटा म्हणायचे.

"बेटा, तू तुझ्या मनानं गेलास ना मशिनवर? उत्सुकतेपोटी?"

मी म्हणाले, "नाही सर, सुपरवायझरनं बसवलं. मी..."

"तुला नाही विचारलं, बेटा."

ओंकारनं वडलांकडे बघितलं. वडील मॅडमकडे बघून हात जोडायला लागले. "मॅडम, वाढवू नका. झालं ते झालं. हे पोराला पर्मनंट करतो म्हणत्यात. उद्या ह्या हातानं त्याला कोण काम देणार?"

कॉन्ट्रॅक्टर म्हणाला, "शब्द आहे माझा."

मॅडम ओंकारकडे वळल्या. "दोरगे, तुमचं म्हणणं काय?"

तो टेबलाकडे बघत म्हणाला, "मी माझ्या मनानं गेलो व्हतो."

"हे तुमचंच म्हणणं आहे?"

"व्हय, मॅडम."

मला वाटलं, आता मॅडम फुटणार. टेबल उलथं करणार. त्या उठल्या आणि बाहेर गेल्या. बस्स. मी मागं पळत गेले. ग्राउंडवर त्यांना गाठून मी ओरडलेच. "तुम्ही गप्प का बसलात? तुम्हाला माहिती होतं तो खोटं बोलतोय."

"माहिती होतं."

"मग?"

त्या चालतच होत्या. "एकवीस वर्षांचा बाप्या हाय तो. त्याच्या तोंडातला शब्द काढून मी माझा घालू? मग त्या केबिनमध्ये बसलेल्यात आन् माझ्यात फरक काय राहिला?"

"फरक हा की तुमचा शब्द खरा आहे!"

त्या पुढच्या फेरीला लागल्या. मला ते तेव्हा पटलं नाही. आजही पुरतं पटलेलं नाही. इतका मान ठेवावा का माणसाचा, की त्याला खड्ड्यात पडताना बघत राहावं?

आणि पडलाच तो. काही महिन्यांत कारखान्यानं कॉन्ट्रॅक्टर बदलला. नवा म्हणाला, जुन्याचा शब्द जुन्याकडे माग. ओंकार घरी बसला. परीक्षा बुडाली होतीच. मग एक दिवस तो तिसऱ्या वर्षाच्या वर्गाच्या दारात येऊन उभा राहिला, उजवा हात खिशात घालून. मी तेव्हा एमएस्सीला तिथंच होते, त्या तासाला मागं बसले होते. मॅडम फळ्यावर लिहीत होत्या. त्यांनी त्याला बघितलं, विचार केला, खडू डाव्या हातात घेतला आणि तशाच पुढं लिहायला लागल्या. कोंबडीनं पाय ओढावेत तसं अक्षर. कुणीतरी हसलं. मॅडम गरकन वळल्या. "दोरगेंना एकट्याला वेडंवाकडं लिहायची लाज वाटेल. म्हणून आजपासून सगळ्यांनी डाव्या हातानं. जर्नल सुद्धा."

महिनोन् महिने हे चाललं. पालकांच्या तक्रारी आल्या. दुसरे शिक्षक म्हणायचे, बाईंचं डोकं फिरलंय. मॅडमचा डावा हात रोज खडूनं भरलेला, आणि तोंड चालूच. "हे सात आहे का एक, दोरगे? ठरवा एकदाचं!" पोरगा पहिल्यांदा चिडला, मग रडला, मग चिडून लिहायला लागला. परीक्षा दिली. पास झाला, चांगल्या मार्कांनी.

आणि आता ती शाल.

वार्षिक समारंभात कॉलेजनं ओंकारचा सत्कार ठेवला. मागं मोठा फ्लेक्स, 'जिद्दीला सलाम'. प्राचार्य बोलायला उठले. "नियतीनं या बेट्यावर आघात केला. पण आमचं कॉलेज त्याच्या पाठीशी उभं राहिलं." टाळ्या. मी तिसऱ्या रांगेत होते. मग मॅडमचं नाव पुकारलं. आदर्श मेंटॉर. त्या वर गेल्या. पाहुण्यांनी शाल धरली, फोटो निघाला, आणि मॅडमनी शालीला हात न लावता माइक घेतला.

"नियती म्हणाले सर. ही नियती कुठल्या पाळीला असते? तिचा सुपरवायझर कोण?"

मग त्या ओंकारकडे वळल्या. "दोरगे," त्या म्हणाल्या, "तुम्हाला काही सांगायचं असलं तर सांगा. नसलं तर खाली चला, जेवण थंड होतंय."

त्यांनी माइक त्याच्या डाव्या हातात दिला. पहिल्या रांगेत त्याचे वडील बसले होते. त्यांच्याकडे त्यानं एकदा बघितलं, मग परत बघितलं नाही.

"मी माझ्या मनानं गेलो न्हवतो," तो म्हणाला. "मला बसवलं. सेन्सर बंद व्हता, ते त्यांना ठाव व्हतं. केबिनमध्ये मी खोटं बोललो, कारण मला नोकरी देतो म्हणाले. नोकरी बी न्हाई दिली. तिथं अजून पोरं जात्यात. त्यांना..."

माइक बंद झाला. कुणी बंद केला ते सगळ्यांना दिसलं. ओंकार बोलत राहिला. पहिल्या काही रांगांनाच ऐकू गेलं असेल, पण त्याचं सगळं बोलून होईपर्यंत तो खाली उतरला नाही, आणि मॅडम शेजारी हाताची घडी घालून उभ्या होत्या.

पुढच्या वर्षी मॅडमकडून मेंटॉरचं काम काढून घेतलं. त्यांना नोटीस दिली. नोकरी पक्की होती म्हणून राहिली, इतकंच. कॉन्ट्रॅक्टरचं काही झालं नाही. सुपरवायझरचं काही झालं नाही. प्राचार्य दुसऱ्या मोठ्या कॉलेजात गेले. फोटो मात्र वेबसाइटवर राहिला. ओंकार आता पुण्यात एका कंपनीत आकडेवारीचं काम करतो, डाव्या हातानं. मॅडम निवृत्त झाल्या.

मी दौंडकडच्या एका डेअरीत नोकरीला आहे, दुधाचे नमुने तपासण्याच्या विभागात. मागच्या महिन्यात कामासाठी कारेगावला गेले होते. चौकात पाळीच्या गाड्या लागलेल्या. एका गाडीत पोरं-पोरी चढत होती, गळ्यात कॉलेजची ओळखपत्रं. कुठल्या तरी दुसऱ्या कॉलेजची. हसत होती, एकमेकांचे फोटो काढत होती. गाडीवर त्याच जुन्या कॉन्ट्रॅक्टरचं नाव.

मी रस्त्याच्या कडेला उभी राहून मॅडमना फोन लावला. सगळं सांगितलं. म्हटलं, "मॅडम, काय करायचं आता? कुणाला तरी कळवायला पाहिजे. तुम्ही कुणाला तरी..."

"गाडी सुटली का?" त्यांनी विचारलं.

"नाही, अजून उभी आहे."

"मग माझ्याशी काय बोलत बसलात?"

फोन कट झाला. मी रस्ता ओलांडला, गाडीच्या दारात जाऊन उभी राहिले आणि चढायला पाय उचललेल्या पोराला विचारलं, "तुम्ही कुठल्या कॉलेजचे? आणि तुमचे मेंटॉर कोण आहेत?"